आल्डेवीरचं एकपानी पत्रक

आल्डेवीर, फ्रिसलंड
सोमवार, ४ डिसेंबर १९४४

ती. वीत्स्केताईस,
धाकट्या वीब्रनचा सा. न. वि. वि.

काल सकाळी मी बाप्तिस्म्याच्या भांड्यातलं पाणी तेटआजीच्या पायाखाली ओतलं. हेसल ही गोष्ट तुला सांगणारच, आणि हा आपला मेहुणा ती तिखटमीठ लावून सांगणार, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

आपल्या चर्चमधल्या शेगडीपेट्या तुला आठवत असतील. बायका त्या भोकाभोकांच्या लाकडी पेटीवर पाय ठेवून, वरून घागरा सोडून, सगळं प्रवचन ऊबेत काढतात. चर्चचा सेवेकरी म्हणून गेली वीस वर्षं प्रत्येक पेटीतल्या मातीच्या वाडग्यात निखारा घालून ती ज्या त्या बाकाखाली नेऊन ठेवणं हे माझं काम. यंदा जळण नाही, तरी बायकांना पेटीशिवाय करमत नाही, म्हणून मी थंडगार पेट्याच मांडतो आणि वाडग्यात निखाऱ्याऐवजी आपलं चोरटं पत्र ‘बांधावरून’ घडी करून ठेवतो. तू लंडनच्या बातम्या टंकून स्टेन्सिल पाठवायची, मी ती चर्चच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइलवर फिरवायची आणि बायकांनी घागऱ्याच्या घोळातून घरोघर न्यायची, असं ऑगस्टपासून बिनबोभाट चाललं होतं.

काल तेटआजीने घरून डब्यात स्वतःचा निखारा आणला. एक्क्याऐंशीव्या वर्षी पाय गारठतात म्हणे. मी पेट्या मांडून घंटा वाजवायला गेलो आणि हिने न बघता पेटीचं दार उघडून निखारा आत लोटला. आपल्या पाळकांच्या, दोमिनी वियार्दांच्या, प्रवचनाचे तीन मुद्दे असतात. दुसऱ्याच्या मध्यावर तेटआजीच्या घागऱ्याखालून धूर निघू लागला. पहिल्या बाकावर छातीला जर्मनधार्जिण्या पक्षाचा बिल्ला लावून नवा ग्रामाध्यक्ष फान लूनन बसलेला! दोमिनींनी धूर पाहिला, मुद्दा अर्ध्यात सोडला आणि सर्वांना उभं राहून एकशे एकोणिसावं स्तोत्र म्हणायला सांगितलं. ते सगळ्यांत लांब, आणि आपली मंडळी ते किती सावकाश ओढतात हे तुला माहीत आहे. तेवढ्या वेळात मी पुढे गेलो. बेकरीवाल्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी भरून ठेवलेलं भांडं उचललं आणि सरळ पेटीवर उपडं केलं. चर्रर्र आवाज झाला. फान लूनन वळून बघू लागला. तेटआजीला कमी ऐकू येतं, म्हणून ती बोलते ते सगळ्या चर्चला ऐकू जातं. ती म्हणाली की मेल्या वीब्रन, मोठेपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणारे ते पलीकडच्या गल्लीत राहतात, मी त्यांच्यातली नव्हे. सगळे हसले. फान लूननही हसला आणि धुराचं विसरला.

बाळाला मग पंपाचं बर्फासारखं पाणी मिळालं, आणि त्याने आपलं मत सर्वांना कळवलं. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी दोमिनींना विचारलं, की हातून पाप तर नाही ना घडलं. ते म्हणाले, प्रार्थना होईपर्यंत पाणी हे पाणीच असतं, आणि आग विझवणं हा त्याचा जुना धर्म आहे.

एकच गोष्ट मनात राहिली. उपासनेनंतर मी दारात उभा राहून नेहमीप्रमाणे चर्चचं एकपानी पत्रक वाटत होतो. फान लूनन बाजूला उभा राहून बघत होता. टोपी घालायच्याही आधी प्रत्येकजण ते पत्रक वाचतो, हे त्याच्या लक्षात आलं. जाताना त्याने एक मागून घेतलं आणि जपून खिशात ठेवलं. मला ते आवडलं नाही.

हेसलच्या बोटीतून बटाटे आणि थोडं लोणी पाठवतो आहे. तुझ्या भावजयीचा, हिल्त्येचा, नमस्कार. लोभ आहेच, या थंडीत त्याला एक गोधडी जास्त घाल.

तुझा,
वीब्रन

~

लेऊवार्डन
शनिवार, ९ डिसेंबर १९४४

चि. वीब्रन यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाईने काठी आपटली. तेटआजीला माझा दंडवत सांग. आणि वीब्या, आता पुरे कर ती शेगडीपेटी! कागद आणि विस्तव एका पेटीत ठेवायचा ही अक्कल तुला कुठल्या स्तोत्रात सापडली? हिल्त्येला विचार. बायकांच्या विणकामाच्या पिशव्या कशाला असतात?

इकडे वीज गेली ती गेलीच. शेजारचे दातांचे डॉक्टर उलट्या केलेल्या सायकलचं पायडल हाताने फिरवतात तेव्हा आमचा रेडिओ बोलतो. आघाडीची बातमी ऐन रंगात आली की डॉक्टर दमतात, आणि निवेदक दारू प्यायल्यासारखा बरळायला लागतो. मग मी आणि त्यांची बायको त्यांच्यावर ओरडतो. काल ते म्हणाले की आजवर लोकांचे दात उपटून इतके शिव्याशाप मिळाले नव्हते. तरी बातमी मिळते. तुम्हाला पोचते ती अशी घामाची असते, म्हणून नीट वाटत जा.

वकिलाच्या कचेरीत काम कमी आहे. टंकयंत्र मात्र माझ्याच ताब्यात. स्टेन्सिल गुंडाळी करून हेसलकडे देते आहे. तो ती बटाट्यांच्या पोत्यात ठेवतो आणि वरून माती टाकतो. त्याला सांग, मागच्या वेळी माती ओली होती.

त्या फान लूननचं काय? असल्या माणसाने काही जपून खिशात ठेवलं की मला झोप लागत नाही. ताबडतोब कळव. लोण्यासाठी तुला दोन जास्तीचे आशीर्वाद.

तुझी,
ताई

~

आल्डेवीर
गुरुवार, १४ डिसेंबर १९४४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी झोप गेली ती बरोबरच होती. मंगळवारी दुपारी फान लूनन घरी आला. अगदी सभ्यपणे, पायपुसण्यावर बूट पुसून. हिल्त्येने चिकोरीची कॉफी दिली. बिटाची काकवी घरात असून त्याला ती बिनगोडाचीच प्यावी लागली. तो घरभर नजर फिरवत म्हणाला की सेवेकऱ्याला चर्चने घर मोठं छान दिलंय. मग आमच्या पत्रकाची स्तुती करू लागला. म्हणाला, मी भिंतीवर सूचना लावतो तर तासाभरात तिला शेण फासलेलं असतं, तुमचं पत्रक मात्र लोक टोपी काढून वाचतात. मी म्हटलं की त्यात काही नसतं हो, कुठलं स्तोत्र, कोण वारलं, कोणाची गाय विकायची आहे. तो म्हणाला, तेच तर. जे पत्रक गायीबद्दल खोटं बोलत नाही, ते कशाबद्दलच बोलणार नाही असं लोकांना वाटतं.

आणि त्याने एक कागद टेबलावर ठेवला. सतरा ते चाळीस वयाच्या सर्व पुरुषांनी बुधवारी, १० जानेवारीला सकाळी आठ वाजता फावडं आणि कांबळं घेऊन कालव्याच्या धक्क्यावर हजर व्हायचं. जर्मनांचे खंदक खणायला. काम पंधरा दिवसांचं, जेवण चांगलं, सगळे सुखरूप परत येतील, असं त्यात लिहिलं आहे. शेजारच्या गावचे ऑक्टोबरात गेलेले अजून आलेले नाहीत, हे त्यात लिहिलेलं नाही. ही सूचना ६ जानेवारीच्या पत्रकात दोमिनींच्या नावाखाली छापून आली पाहिजे. न छापल्यास पत्रकाचा परवाना रद्द, म्हणजे कागद बंद.

कागदाचं तुला सांगायला नको. परवान्यावर आठवड्याला चारशे ताव मिळतात. पत्रकाला अडीचशे लागतात आणि उरलेल्यांवर ‘बांधावरून’ निघतं. म्हणजे ताई, उजेडातलं पत्रक अंधारातल्याला दूध पाजतं आहे. पहिलं बंद पडलं तर दुसरं उपाशी मरतं.

मी सूचना छापायची नाही असं मनात म्हणत होतो, तोवर काल तेटआजी आली. तिचा नातू इन्ते तुला आठवतो का? एकोणीस वर्षांचा झाला. फळीसारखा सरळ मुलगा. त्याने आजीला सांगितलं आहे की भिंतीवरच्या कागदाला मी विचारत नाही, पण वीब्रनकाकांच्या पत्रकात आलं तर जाईन, कारण देवाच्या दारात वाटलेल्या कागदावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? आजी नेहमीसारखी ओरडली नाही. हळू आवाजात बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला काल कळलं.

गावात असे एक्केचाळीस जण आहेत. काय करू ते लिही. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलीस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
वीब्रन

~

लेऊवार्डन
बुधवार, २० डिसेंबर १९४४

चि. वीब्रन यास, अ. उ. आ.

छाप.

रागावू नकोस, पुढे वाच. ‘बांधावरून’ तुमच्या गावापुरतं नाही. हेसल ते आणखी सहा गावांत पोचवतो. कुठे धरपकड होणार, कुठल्या पुलावर पहारा आहे, कुठली शिधापत्रिका बनावट आहे, हे त्या गावांना दुसरं कोण सांगणार? एक सूचना छापायची नाही म्हणून तू हे सगळं बुडवणार? सूचना पत्रकात खाली, हरवलेल्या मांजराच्या पायाशी टाक. आणि त्याच दिवशी ‘बांधावरून’मध्ये मोठ्या अक्षरात सांग, की जाऊ नका. माणसं काही मूर्ख नाहीत. तुझा सद्विवेक आठवडाभर कुरकुरेल, मग गप्प बसेल. लहानपणी तुझ्या बुटात खडा असला तरी तू चर्चपर्यंत बूट काढायचा नाहीस, कारण रविवारी वाटेत वाकणं तुला काम वाटायचं. तसाच चाल.

आता दुसरी गोष्ट, आणि या गोष्टीवर मी खरंच संतापले आहे. मी स्टेन्सिलचा खालचा भाग तुझ्या गावच्या मजकुरासाठी कोरा सोडते. तू तिथे काय खरडतोस ते मी कधी पाहिलंच नव्हतं. परवा हेसलने छापलेला अंक दाखवला. तळाशी तुझ्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: “पुढचा अंक शनिवारी, देवाची इच्छा असेल आणि शाई पुरली तर.” अरे वीब्या! चर्चच्या पत्रकाच्या तळाशी वीस वर्षं तू हेच वाक्य लिहितोस! ही तुझी सही आहे! ज्या कागदासाठी माणसाला भिंतीपुढे उभं करून गोळ्या घालतात, त्यावर कोणी सही करतं का? आपल्या लोकांची ही खोड मला माहीत आहे. देवाची इच्छा असेल तर, असं म्हटल्याशिवाय आपण उद्याच्या सूपचंही नाव घेत नाही. पण हे सुद्धा? फान लूनन खालच्या प्रांतातला, त्याला ही सवय माहीत नाही, म्हणून तू आज घरात आहेस. ताबडतोब बंद कर.

नाताळासाठी तुझ्या मफलरची लोकर उसवून हिल्त्येला मोजे केले आहेत. दोघांनी भांडू नका.

तुझी,
ताई

~

आल्डेवीर
शनिवार, ३० डिसेंबर १९४४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कालवा गोठला आणि हेसलची बोट अडकून पडली. हे पत्र तो बर्फावरून स्केट्स घालून आणतो आहे. तुझी शेवटची स्टेन्सिल त्याने बनियनखाली पोटाला गुंडाळून आणली. धावून घाम आल्याने मेण मऊ झालं, आणि रशियन फौजांची अर्धी बातमी त्याच्या पोटावर उमटली. हिल्त्येने त्याला आरशासमोर उभं करून ती वाचून काढली. हेसल म्हणाला, बायको सोडून कोणी माझं पोट इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

मोजे मिळाले. भांडलो नाही. ते आम्ही एक एक वाटून घेतो.

वाक्याबद्दल तू म्हणालीस ते शंभर टक्के खरं. मी खजील झालो. हात सवयीने लिहून गेला, इतकंच. घाबरत घाबरत तेटआजीला विचारलं, की पेट्यांच्या बायकांखेरीज हे आणखी कोणाच्या ध्यानात आलं असेल का. ती म्हणाली की अरे, पहिल्याच अंकाला सगळ्या गावाला कळलं. बेकरीवाल्याला तर वाटलं की आम्ही विश्वास ठेवावा म्हणून तू ते मुद्दाम लिहिलंस. म्हणजे ऑगस्टपासून मी ज्यांच्यापासून लपत होतो, ते सगळे मला लपवत होते. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर काय मागावं तेच सुचेना. 

पण ताई, यामुळे तुझा तोडगा मोडला. विचार कर. दोन्ही कागद एकाच हातातून येतात हे गावाला ठाऊक आहे. एका कागदावर वीब्रन म्हणणार जा, दुसऱ्यावर वीब्रन म्हणणार जाऊ नका. इन्ते कुठल्या वीब्रनचं ऐकेल? आणि पुढच्या शनिवारी मी पुलावर पहारा आहे असं लिहिलं, तर तो खरा की खोटा हे त्यांनी कशावरून ठरवायचं?

तरी मी प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. गुरुवारी दुपारी दार लावून सूचना स्टेन्सिलवर कोरली, मांजराच्या पायाशी, तू म्हणालीस तशी. एक प्रत काढून पाहिली. मला वाटलं होतं की ती वेगळी दिसेल, काहीतरी खुपेल. काहीच खुपलं नाही. स्तोत्राचा आकडा, कै. यान्सचा दफनविधी, मांजर आणि खाली ती सूचना, सगळं एकाच वळणाचं, एकसारखं खरं दिसत होतं. त्याचीच भीती वाटली. प्रत आणि स्टेन्सिल दोन्ही चुलीत घातली.

दोमिनींकडे गेलो. ते म्हणाले, छापू नकोस असं मी सांगितलं तर ती माझी आज्ञा होईल आणि तुझं ओझं तुला हलकं वाटेल, म्हणून सांगत नाही. मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले की बारीक अक्षरातलं खोटं वाचायला चष्मा लागतो, एवढाच काय तो फरक.

म्हणजे न छापणं आलं. पण हे लिहितानाही मला धीर होत नाही. परवाना जाईल, ‘बांधावरून’ बंद पडेल, आणि सहा गावं माझ्या एकट्याच्या सद्विवेकापायी आंधळी होतील. वर फान लूननने हिल्त्येसमोर घराचं नाव घेतलं आहे. मी काही शूर माणूस नाही. गाय व्यायली तरी मला बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. एका आठवड्यात ठरवायचं आहे.

माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि डॉक्टरांना दमायला बंदी घाल.

वीब्रन

~

लेऊवार्डन
गुरुवार, ४ जानेवारी १९४५

चि. वीब्रन यास, अ. उ. आ.

हेसल चुलीपाशी बसून स्केट्सच्या वाद्या वाळवतो आहे, तेवढ्यात लिहिते.

मी तुला छाप म्हणून सांगितलं. ते किती चटकन सांगितलं, हे तुझं पत्र वाचल्यावर लक्षात आलं. तेव्हा आज तुला एक गोष्ट सांगते. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

सन एक्केचाळीसच्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत एक यादी टंकायला आली. शहरातल्या ज्यू कुटुंबांची. नाव, घर, मुलं किती, व्यवसाय काय. वरून हुकूम होता आणि मी टंकलेखिका होते. मी ती टंकली. एक चूक नाही, समास सरळ, चार प्रती. साहेब म्हणाले की वीत्स्केबाई, तुमच्या हातचं काम बघून डोळे निवतात. मी घरी येऊन सूप केलं आणि प्यायले. त्या यादीत आपला शिंपी मोझेस होता, ज्याने आईचा काळा कोट शिवला होता. यादीतल्यांपैकी आजपर्यंत कोणी परत आलेलं नाही.

मी तेव्हा म्हटलं होतं की मी नाही टंकली तर दुसरी कोणी टंकेल. ते खरंच होतं, दुसरी बाई पलीकडच्याच टेबलावर होती. पण ते खरं असून माझ्या काही उपयोगी पडलं नाही. रात्री जागून स्टेन्सिली करते त्या शौर्य म्हणून नाही रे. माझ्या बोटांना दुसरं काहीतरी टंकायला हवं असतं.

तेव्हा माझा सल्ला मी मागे घेते. छापू नकोस. कागद नसेल तर आपण झाडाच्या सालीवर छापू. सहा गावं आंधळी होणार नाहीत. त्यांना कान आहेत, आणि हेसलला तोंड आहे. ते तर नको तितकं आहे.

मात्र एक सांगते, हुतात्म्याचा चेहरा करू नकोस. तो तुला शोभत नाही, लहानपणापासून तू त्यात बद्धकोष्ठ झाल्यासारखा दिसतोस. आणि जमलं तर जिवंत राहा.

तुझी,
ताई

~

तेटआजीच्या गोठ्यावरचा माळा
गुरुवार, ११ जानेवारी १९४५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी सुखरूप आहे. खाली सहा गायी आहेत, त्यांची ऊब फळ्यांतून वर येते, आणि मी इतका ऊबदार हिवाळा लहानपणापासून अनुभवला नव्हता. सायक्लोस्टाइल यंत्र गवताखाली आहे. घंटा आता हिल्त्ये वाजवते, आणि लोक म्हणतात की ती माझ्याहून वेळेवर वाजते.

तुझं पत्र हेसलने सोमवारी संध्याकाळी दिलं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. ते मी तीनदा वाचलं. त्यावर मी इथे काही लिहीत नाही. मोझेस शिंप्यासाठी आणि त्याच्या माणसांसाठी रोज प्रार्थना करतो, आणि तीत तुझंही नाव असतं. भेटलो की बोलू.

आता कालची गंमत. काल बुधवार, धक्क्यावर हजर राहायचा दिवस. आठ वाजता शिपाई आले आणि थंडीत पाय आपटत उभे राहिले. साडेआठपर्यंत एकूण तीनजण हजर झाले होते. एक फान लूननचा कारकून, हजेरी घ्यायला. एक चष्मा हरवलेला माणूस, ज्याला वाटलं की बर्फावरच्या शर्यतीची रांग आहे. आणि तिसरी तेटआजी, खांद्यावर फावडं आणि कांबळं घेऊन. तिने कारकुनाला विचारलं की सतरा ते चाळीसच का, म्हाताऱ्यांना हात नसतात का? त्याने शेवटी तिच्या पाया पडून तिला घरी पाठवलं. इन्ते कुठे आहे ते मी लिहीत नाही. पण या क्षणी तो माझ्या वाटणीचा मोजा घालून घोरतो आहे. उरलेले चाळीसही असेच कुठे कुठे आहेत.

आणि कागद! रविवारी दुपारच्या दुसऱ्या उपासनेत दान गोळा करायची पिशवी बाकांवरून फिरवली, तर ती जड लागली. मागच्या खोलीत उघडून पाहिली. भिंतीला चिकटवायच्या कागदाचे तुकडे, कपाटात अंथरलेले ताव, शाळेच्या वह्यांची मागची पानं, दुधाच्या नोंदींच्या कोऱ्या पाठी, आणि कोणाचं तरी प्रेमपत्र, एका बाजूने कोरं. बेकरीवाल्याने पावाच्या पुड्यांची अख्खी गुंडाळी दिली. पुढचा ‘बांधावरून’ गुलाबी फुलांच्या कागदावर निघेल. सहा गावांना तो दुरूनही ओळखता येईल, हा त्यातला एकच दोष. ‘बांधावरून’ उपाशी मरेल म्हणून मी तीन आठवडे झोपलो नव्हतो, आणि कोणाकडे कागद मागायचं मला सुचलं नव्हतं. गर्व किती साध्या कपड्यांत हिंडतो बघ.

आता सोमवारचं सांगतो, कारण हेसलने ते काहीतरी वेगळंच सांगितलं असेल.

शनिवारी मी शेवटचं पत्रक छापलं. स्तोत्रांचे आकडे, यान्सच्या विधवेने मानलेले आभार, मांजर सापडल्याची बातमी. खाली दोन ओळी लिहिल्या: “भिंतीवर लावलेली सूचना या पत्रकात नाही. यापुढे हे पत्रकही नाही.” दोमिनींचं नाव वरून काढलं आणि तिथे माझं घातलं. रविवारी सकाळच्या उपासनेनंतर दारात उभं राहून ते वाटलं.  टोपी लोकांनी नेहमीपेक्षा उशिरा घातली. इन्ते वाचत वाचत दोनदा फाटकापर्यंत गेला आणि परत आला, आणि मग त्याने माझ्याशी हात मिळवला.

फान लूनन रविवारी आला नव्हता, घसा धरला होता. हिल्त्ये म्हणाली की आता तरी लप, त्याला कळेल तेव्हा कळेल. पण मला दोमिनींची काळजी वाटत होती. वीस वर्षं त्या पत्रकावर त्यांचं नाव होतं. मी गुपचूप नाहीसा झालो असतो, तर पहिला हात त्यांच्यावर पडला असता. एकट्याने केलेली गोष्ट एकट्याने सांगायला हवी. हिल्त्येने माझा कोट घासून दिला, खिशात युद्धाआधीची जपून ठेवलेली एक पेपरमिंट घातली, आणि मी सोमवारी सकाळी नऊ वाजता ग्रामाध्यक्षाच्या घरी गेलो.

तो गळ्याला फलालीन गुंडाळून, मोहरीच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसला होता. त्याचा आवाज पार बसला होता. मी शेवटचं पत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि तो लाल झाला. मग मला धमक्या देऊ लागला, पण सगळ्या कुजबुजत. तुरुंगाचं नाव कुजबुजत, जर्मनीचं नाव कुजबुजत. टेलिफोनची तार बर्फाने तुटली आहे, ती जोडली की पहिला फोन तुझ्याबद्दल, असंही कुजबुजत. मला धड हसूही येईना आणि नीट भीतीही वाटेना. त्याने विचारलं की तुला हे कोणी करायला लावलं, दोमिनींनी ना? मी म्हटलं, नाही, त्यांनी तर सांगायलाच नकार दिला. मग त्याने खरंच न कळल्यासारखं विचारलं की अरे, दोन ओळी छापून घर राखायचं, कागद राखायचा, त्यात तुझं गेलं काय असतं?

 मी त्याला सांगितलं की साहेब, तुमची सूचना भिंत देते, तिला डोळे नसतात. माझं पत्रक मी हातात देतो आणि देताना समोरच्याचं तोंड दिसतं.  पाणी निवत चाललं होतं, म्हणून मी चुलीवरची किटली उचलून त्याच्या घमेल्यात थोडं गरम ओतलं. तेवढं माझ्याकडून आपोआप झालं.

मग आतल्या खिशातून परवाना काढला, त्याच्या टेबलावर सरळ ठेवला, त्याचीच लेखणी घेतली आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: परत केला, ८ जानेवारी १९४५. खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

गोठ्यावरच्या या माणसावर लोभ ठेव. तो इथे थंड पडत नाही.

तुझा,
वीब्रन